त्या हॉटेलच्या खिडक्या उघडत नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रेलियाने आश्रय मागायला येणाऱ्यांच्या बोटी कशा थोपवल्या आणि त्यातून काय धडा घ्यावा यावरचा लेख वाचला. लेखकाचं मत त्यांच्यापाशी. पण या माणसांबद्दलचं ‘फुकटचं जेवण, फुकटचं हॉटेल’ हे वाक्य तुमच्या नजरेखालून जसंच्या तसं गेलं, याचा संताप आला म्हणून लिहिते आहे. मी मेलबर्नला राहते, आयुष्यभर परिचारिका होते.

ते हॉटेल मी पाहिलं आहे. कार्लटनमधलं पार्क हॉटेल. जानेवारी २०२२ मध्ये टेनिसपटू जोकोविचला तिथे ठेवलं तेव्हा जगभर बोंब झाली. तो काही दिवसांत मायदेशी गेला. वरच्या खोल्यांतली माणसं नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतलं मानुस या बेटांवरून, जिथे ऑस्ट्रेलिया बोटीने आलेल्यांना डांबून ठेवायचं, उपचारांसाठी आणलेली होती आणि उपचारांच्या नावाखाली कोंडूनच ठेवलेली होती. खिडक्या उघडत नव्हत्या. आम्ही खाली फुटपाथवर उभे राहायचो तेव्हा काचेमागे फक्त हलणारे हात दिसायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या बंद खोल्यांतून कोविड पसरला. शेवटची माणसं सुटली ती एप्रिल २०२२ मध्ये. याला हॉटेल म्हणायचं का, हे लेखकांनी तिथे एक रात्र काढून सांगावं.

आता जेवणाचं. कोविडच्या आधी मी शहराबाहेरच्या एका स्थानबद्धता केंद्रात एका तमिळ मुलाला भेटायला जायची. श्रीलंकेतला, बोटीने आलेला. मला अक्का म्हणायचा. एकदा फोनवर म्हणाला, दाढ ठणकतेय, काही चावता येत नाही. मी मुगाच्या डाळीची आसट खिचडी केली, वर तूप घातलं आणि डबा घेऊन गेले. दारावर हातांची तपासणी झाली, पर्स कुलुपात गेली, आणि डबाही. घरचं अन्न चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट असेल तरच आत. मी त्या पहारेकऱ्याला म्हटलं, मी तुमच्यासमोर चार घास खाऊन दाखवते. तो म्हणाला, नियम आहे. आत मशीनमध्ये वेफर्स आणि चॉकलेट होतं. दाढ सुजलेल्या माणसाला वेफर्स! त्याचा डावा गाल एवढा सुजला होता की डोळा बारीक झाला होता, कपाळ तापलेलं. अर्ज केला होता म्हणाला. पॅरासिटामॉल मिळालं आणि भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं. माझ्या वॉर्डात असा रुग्ण आला असता तर त्याच संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांना बोलावलं असतं. तिथे मला नुसतं बसून बघावं लागलं. आज हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो.

संसर्ग अंगावर काढला तर काय होतं ते हामिद खझाई या इराणी तरुणाच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. वय २४. मानुस बेटावर पायाला जखम झाली, ती चिघळली. तिथल्या दवाखान्यात पुरेशी औषधंही नव्हती. डॉक्टर म्हणत होते त्याला ताबडतोब हलवा. ऑस्ट्रेलिया सरकारच्या कॅनबेरातल्या कचेरीतून परवानगी लवकर आली नाही. त्याला ब्रिस्बेनच्या रुग्णालयात आणलं तोवर जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तिथेच तो दगावला. हा मृत्यू टाळता आला असता, असं क्वीन्सलंडच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने, २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलं. पायाच्या जखमेने चोवीस वर्षांचा मुलगा मरतो, हे कोणत्याही नर्सला विचारा, किती लाजिरवाणं आहे.

लेखक त्यांना बेकायदा घुसलेले म्हणतात. आश्रय मागणं हा गुन्हा नाही. १९५१ च्या निर्वासित कराराने ऑस्ट्रेलिया बांधील आहे. त्या बेटांवरच्या ज्यांच्या अर्जांचा निकाल लागला, त्यातले बहुतेक जण खरे निर्वासित ठरले. मानुसवरचं कोंडणं घटनाबाह्य असल्याचा निकाल पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारने तिथे ठेवलेल्या १,९०५ जणांशी ७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड केली. धडा घ्यायचाच तर हा खर्चही लेखात यायला हवा होता.

आणखी एक. लेखासोबत तुम्ही नाउरूचा म्हणून निळा समुद्र आणि नारळाच्या झाडांचा फोटो छापलात. नाउरू एकवीस चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेटच्या खाणींनी त्याचा मधला भाग खरवडून टाकला आहे. तिथे लहान मुलं धरून कुटुंबंच्या कुटुंबं बुरशी धरलेल्या तंबूंत, त्या उकाड्यात राहिली. त्या तंबूंचे फोटो कुठल्याही वृत्तसंस्थेकडे मिळतील. पुढच्या रविवारी त्यातला एक छापा, आणि खाली हे पत्रही. जागा कमी पडली तर बाकीचं कापा, खिचडीचा परिच्छेद कापू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मेलबर्न