टीसीएल किती टाकायची, हेही शिकवा

महोदय,

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. गावातल्या विहिरीचे पाणी निर्जंतुक करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची, हे मात्र एखाद्या इंटर्न डॉक्टरला विचारून पाहावे. पुस्तकातला आकडा येतो, पण विहीर मोजता येत नाही.

खरे तर हिशेब सोपा आहे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅम. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ९४ ग्रॅम लागते; पावसाने पाणी ५ मीटरवर गेले की १५७. ‘रोजच्याएवढी’ टाकली तर कमीच पडणार.

त्यात पाणी गढूळ असेल तर बराचसा क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो. गोणी उघडी, दमट खोलीत पडून असेल तर पावडरीचा जोरही उतरलेला असतो. नाकाला वास आला म्हणजे ती चांगली, असे नव्हे. दोन्हींचा उलगडा हॉरॉक्स चाचणीत, म्हणजे त्या पाण्याला ती पावडर किती लागेल हे कपांत पाहण्याच्या चाचणीत होतो. काळ्या कपात २ ग्रॅम पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचे. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी घेऊन त्यात वरच्या निवळीचे अनुक्रमे एक ते सहा थेंब सोडायचे, अर्धा तास थांबायचे, मग स्टार्च-आयोडाइडचे तीन-तीन थेंब. निळा रंग म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. तिसऱ्या कपापासून स्पष्ट निळा रंग दिसला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम. म्हणजे वरच्याच विहिरीला १५७ नव्हे, ८३० ग्रॅमच्या आसपास!

ही पावडर थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीमागे १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता पातळ कालवायची, पाऊण बादली पाणी भरून ढवळायची, दहा मिनिटे निवळू द्यायची आणि फक्त वरचे पाणी विहिरीत सोडून घुसळायचे. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहणे. नळयोजनेत ही टेस्ट टाकीखालच्या नळावर उरकली जाते. ती गावातल्या शेवटच्या नळावर हवी. पाणी बंद असताना फुटक्या पाइपात शेजारच्या गटारीचे पाणी ओढले जाते आणि टाकीतला क्लोरीन तिथे संपतो. हे दुखणे डॉक्टरच्या हातचे नाही, अभियंत्याच्या हातचे आहे.

म्हणून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण एमबीबीएसपुरते ठेवून भागणार नाही. एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका), आरोग्यसेवक, सिव्हिल डिप्लोमाचे विद्यार्थी यांनाही त्यात ओढले पाहिजे. इंटर्नशिपमध्ये जनऔषधवैद्यकशास्त्राला (कम्युनिटी मेडिसिन) तीन महिने मिळतात. त्यांतला एक आठवडा तरी ओपीडीचे केसपेपर लिहिण्याऐवजी गावचे पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जलसुरक्षकाबरोबर जावा. पूर ओसरल्यावर टँकर आणि गोळ्या घेऊन धावण्याआधीचे हे काम आहे. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत कपांची नावे कसली विचारता? दमट गोणीतली पावडर आणि गढूळ पाण्याची बादली समोर ठेवा, विहिरीची मापे द्या आणि ग्रॅममध्ये उत्तर मागा.

– एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, मिरज