उंबराचं फूल बघायला पोरांना बाहेर न्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी सहावीला सायन्स शिकवते. मार्चमध्ये फुलाचे भाग शिकवून झाले, फळ्यावर आकृती काढून निदलपुंज, दलपुंज सगळं पाठ, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला की बाई, उंबराला फूल का येत नाही, आजी म्हणते ते कुणालाच दिसत नाही. शाळेमागच्या ओढ्याला उंबर आहे, म्हटलं चला बघूनच येऊ.

कच्ची उंबरं ब्लेडने मधोमध कापली तर आत नुसती बारीक फुलांची दाटी! म्हणजे फूल रोज डोळ्यासमोर होतं, फक्त झाकलेलं. एका उंबरातून चिलटाएवढ्या माश्या बाहेर आल्या तशी पोरं आधी ओरडली मग सगळी डोकी त्याच्यावरच. उंबराच्या टोकाला बारीकसं भोक असतं, मादी त्यातून घुसते, घुसताना पंख तुटतात तरी घुसते, आत अंडी घालते आणि तिच्या अंगावरचे पराग फुलांना लागतात. परागीभवन हा शब्द मला परत समजवावा लागला नाही. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी घरी जाऊन आजीला उंबर कापून दाखवून आली.

दुसऱ्या दिवशी मात्र पालकांचे फोन. चिखल झाला, साप निघाला असता तर, पोर्शन कधी संपणार. काळजी मला कळते, पण हीच पोरं घरी तीन-तीन तास मोबाईलवर असतात आणि माझ्या वर्गात अकरा जणांना चष्मा आहे. चीनमधल्या ग्वांगझोत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर ठेवली तर 3 वर्षांत लांबचं न दिसण्याचा त्रास 30.4 टक्के मुलांना झाला, बाहेर न नेलेल्यांत तो 39.5 टक्के होता. तैवानमध्ये तर 2010 पासून रोज 120 मिनिटं बाहेर असा कार्यक्रमच आहे. आपल्याकडेही 2020 च्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दिवस सांगितलेत, पण बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी हॉलमध्ये बसवून व्हिडिओ लावतात, याचं फार वाईट वाटतं.

वॉटर पार्कची सहल जरूर काढा, पण आठवड्यातला एक तास जवळच्या ओढ्यावर नाहीतर टेकडीवर द्या. मुख्याध्यापकांनी तो टाईमटेबलमध्येच टाकावा आणि दोन-तीन पालकांनी आळीपाळीने सोबत यावं, चाळीस पोरांमागे एकटी बाई पुरत नाही.

– एक शिक्षिका, पुणे जिल्हा