कागदावर विचारलंस, आता भोग!

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी, आणि त्यातल्या दोन तुझ्या क्लासच्या वेळापत्रकाच्या. शेवटी ‘तुझी सुट्टी कशी चालली आहे?’ असा प्रश्न. फोनवर विचारलं असतंस तर ‘मस्त’ म्हणून मोकळा झालो असतो. कागदावर विचारलंस, आता भोग.

सुट्टी लागायच्या आधीच घरात चौकशा सुरू झाल्या होत्या. पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर. हे शेवटचं मला कधीच कळलेलं नाही. आठवड्याभरात विकसित होऊन परत येणाऱ्याचं आधी काय बिघडलेलं असतं? मी बाबांना एकच सांगितलं, की वर्षभर घंटा वाजली की वही मिटायची. गणितात जरा कुठे डोकं लागायला लागतं तोवर भूगोल दारात उभा. सुट्टीत तरी मला मिटायला लावू नका. बाबा ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे जवळपास हो.

तर सध्या माझा मुक्काम रुबिक क्यूबवर आहे. हसू नकोस. मामेभावाने त्याचा जुना क्यूब मला देऊन टाकला, रंगाचे कागद कोपऱ्यांवर सुटलेले. पहिले काही दिवस मी एक बाजू पांढरी करायचो आणि सगळ्यांना दाखवत फिरायचो. मग लक्षात आलं की एका बाजूला काही अर्थच नाही, क्यूब थराथराने जुळवायचा असतो. मधले सहा रंग एकमेकांच्या जागी कधीच जात नाहीत. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर केशरी, हे ठरलेलं. फिरतात ते आठ कोपरे आणि बारा कडा. एवढ्याशा तुकड्यांच्या मांडण्या होतात 43 वर अठरा आकडे, म्हणजे 4.3 लाख कोटी कोटींच्याही वर. तरी कुठल्याही मांडणीतून जास्तीत जास्त 20 चालींत क्यूब जुळतो. हे 2010 मध्ये संगणकावर सिद्ध झालं. ते गणित एकाच साध्या संगणकाला दिलं असतं तर त्याला सुमारे 35 वर्षं लागली असती. मला अर्थातच वीसात जमत नाही, मी शंभराच्या आसपास घोटाळतो.

पण खरी गंमत वेगळीच झाली. एके दुपारी धाकटीने क्यूब खोलला. तिला आत काय आहे ते बघायचं होतं. बघून झाल्यावर तिने सगळे तुकडे नीट बसवून ठेवले आणि कुणाला काही बोलली नाही. मी आपला जुळवायला बसलो. पहिला थर झाला, दुसरा झाला, तिसराही आला, फक्त एक कोपरा जागच्या जागी पिळलेला. पुन्हा मोडला, पुन्हा जुळवला, पुन्हा तोच प्रकार. जेवायला हाका आल्या, ऊन उतरलं, मी तिथेच. रात्री ताईने विचारलं, ‘हा कुणी खोलला होता का?’ आणि धाकटी पलंगाखाली.

ताईने मग समजावून सांगितलं. क्यूब खोलून तुकडे वाटेल तसे बसवले तर तो जुळण्याची शक्यता बारात एक असते. नुसत्या फिरवण्याने एकटा कोपरा कधीच पिळला जात नाही; एक पिळला तर दुसरा कुठेतरी पिळलाच पाहिजे. म्हणजे मी अख्खी दुपार जे करत होतो ते जगात कुणालाच जमलं नसतं! मला राग यायला हवा होता, पण उलट भलताच आनंद झाला. एखादी गोष्ट का होत नाही याचं इतकं चोख कारण शाळेत क्वचितच हाती लागतं. आणि शाळा चालू असती तर मी तासाभरात क्यूब कपाटात टाकला असता, ते कारण कधी कळलंच नसतं.

ज्याने हा बनवला ना, त्या एर्नो रुबिकलाही पहिल्यांदा स्वतःचाच क्यूब जुळवायला महिनाभर लागला होता. बुडापेस्टमध्ये शिकवायचा तो, साल 1974. हे मी बाबांना मुद्दाम ऐकवलं. ते म्हणाले, ‘त्याला दहावी नव्हती.’

दहावीचं म्हणशील तर अभ्यास चालू आहे, उगाच काळजी करू नकोस. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून आपण किती विसरतो ते स्वतःवरच तपासलं आणि 1885 मध्ये छापलं. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच गळतं, मग गळती मंदावते. म्हणून मी रोज ढीगभर करत नाही, दोन-चार दिवसांआड बीजगणिताची तीच उदाहरणं पुन्हा सोडवतो. कंटाळवाणं आहे, पण टिकतं. यापलीकडे अभ्यासावर लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी उशिरा उठतो, त्यावरून मात्र रोज वाजतं. माझ्याकडे आता त्यालाही उत्तर आहे. आपल्या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढायला लागतं, म्हणून रात्री लवकर झोपच येत नाही. आणि 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेने 2016 मध्ये सांगून ठेवलंय. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि पंखा बंद केला.

रात्री जागतो ते गच्चीवर. ताई आकाश दाखवते. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगीसर स्वाती, आणखी पुढे निळसर पांढरी चित्रा. स्वातीचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे 37 वर्षं लागतात, म्हणजे मी बघतो तो उजेड आपल्या दोघांच्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेला. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून अंधूक अरुंधती. मला ती चष्म्याशिवाय दिसत नाही, ताईला दिसते आणि ती हे रोज सांगते. दुर्बिणींतून आणि प्रकाशाच्या पट्ट्यांवरून बघत बघत शास्त्रज्ञांनी त्या दोघांत मिळून सहा तारे मोजलेत. वसिष्ठाच्या बाजूला चार, अरुंधतीकडे दोन.

आणि अंतराळ स्थानक! त्याच्या वेळा नासा आधीच जाहीर करते. ताईने सांगितलेल्या मिनिटाला पश्चिमेकडून एक ठिपका वर चढायला लागला. लुकलुक नाही, आवाज नाही, चांगला ठसठशीत. ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेग, दीड तासात पृथ्वीला एक फेरी. नोव्हेंबर 2000 पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. आम्ही माना वळवत बघत होतो आणि भर आकाशात, ढग नाही काही नाही, ते विझलं. धाकटी ओरडली, ‘पडलं!’ पडलं नव्हतं, पृथ्वीच्या सावलीत शिरलं होतं. आपल्याकडे रात्र झालेली असते तेव्हाही 400 किलोमीटर वर ऊन असतं आणि ते ऊन संपण्याची जागा अशी डोक्यावर दिसते. ते बघितल्यापासून पुढच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्यात.

बाकी किरकोळ. पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं आणि जुनी मासिकं वाचत बसलो, कपाट तसंच आहे. सायकलची साखळी स्वतः बसवायला शिकलो, नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. काही दुपारी नुसता पडून असतो. त्या दुपारींचं काय करायचं हे कुणी विचारत नाही याचंच मला जास्त सुख वाटतं.

तुझा क्लास संपल्यावर चार दिवस तरी इकडे ये. तोवर तुझ्याकडचा क्यूब शोधून काढ, तुझ्याकडे आहे हे मला पक्कं माहीत आहे. जुळलेला घे. उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, वरचा थर उजवीकडे. हे सहा वेळा कर. मध्ये तो पार विस्कटतो, घाबरू नकोस, सहाव्यांदा आपोआप जुळतो. मग शेवटच्या दोन चाली सोडून दे. फक्त उजवी वर, वरचा थर डावीकडे, एवढंच करत राहा आणि ही जोडी किती वेळा केल्यावर क्यूब पुन्हा जुळतो ते मोजून मला कळव. सरांचं लक्ष नसताना बाकाखाली कर हवं तर. मोजणी मात्र चुकवू नकोस.

तुझा,
गच्चीवरचा मित्र

ता. क. धाकटी म्हणते उत्तर सांगून टाक, बिचारा क्लासमध्ये आहे. 105. पण तू मोजच.