दोन ‘उबुंटू-व्हीजी’ आणि दिंडोरीचे दादा

दादा,
सप्रेम नमस्कार.

बागेत गोडी छाटणी चालू, मजूर खोळंबलेले, आणि तशात तुम्ही आमच्या अंबडच्या कारखान्यातल्या सर्व्हरसाठी फोनवर थांबलात. असे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघड पत्र.

जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, डिस्क शाबूत. जिग-फिक्स्चरची ड्रॉइंग सगळी तिच्यावर. नव्या मशीनला जोडली, तर एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कची जागा गटांत बांधून वाटून देणारी व्यवस्था) अडून बसलं: एकाच नावाचे दोन व्हॉल्यूम ग्रुप (थोडक्यात व्हीजी), म्हणजे जागेचे गट! उबुंटू सर्व्हर या लिनक्सच्या इन्स्टॉलरने दोन्हीकडे आपलं ठरलेलं ‘उबुंटू-व्हीजी’ ठेवून दिलेलं. नावाने काही सांगावं, तर कुठला ग्रुप ते त्याला कळेना.

तुम्ही आधी कशालाच हात लावू दिला नाहीत. ‘पीव्हीएस’ या कमांडने प्रत्येक व्हीजीचा यूयूआयडी, म्हणजे त्याची स्वतंत्र ओळखखूण, काढायला लावलात आणि ते लांबलचक अक्षर-आकडे मोठ्याने वाचून घेतलेत, शेवटची चार अक्षरं तर दोनदा. मागून कोणीतरी तुम्हाला कात्री मागत होतं, ते इकडे ऐकू येत होतं. एसडीए या डिस्कवर कोण, एसडीबीवर कोण, हे कागदावर उतरल्यावरच ‘व्हीजीरिनेम’ ही नाव बदलणारी कमांड, आणि तेही यूयूआयडी देऊन. “जुन्या डिस्कचंच नाव बदल, ताई. चालत्या मशीनचं बदललंस, तर एफस्टॅब, ग्रब, इनिटरॅमएफएस, मशीन सुरू होताना लागणारं सगळं जुन्याच नावाला धरून बसेल, आणि बूट होताना रूट, म्हणजे सिस्टिमचीच जागा, सापडणार नाही.” मग ग्रुप ॲक्टिव्ह केला, त्यातला व्हॉल्यूम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, माउंट केला. ड्रॉइंग जशीच्या तशी!

डिस्क ‘डीडी’ कमांडने काढलेली हुबेहूब प्रत असती, तर यूयूआयडीसुद्धा जुळेच निघाले असते, तिथे ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’ लागतं, कारण ते नावाबरोबर यूयूआयडीही नवे देतं. हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मला तर वाटतं, ते इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर छापायला हवं.

आता प्रत्येक नव्या मशीनवर व्हीजीच्या नावात मशीनचंच नाव असतं: ‘अंबड_हिशेब’, ‘अंबड_डिझाइन’. मध्ये हायफन नाही. डेव्ह-मॅपरमध्ये (ग्रुप आणि त्यातला व्हॉल्यूम यांची नावं जोडून दिसतात त्या फोल्डरमध्ये) नावातला प्रत्येक हायफन दुहेरी होतो आणि ‘उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही’ वाचताना डोळे फिरतात, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

पुढच्या आठवड्यात स्टोअरचं जुनं मशीन उघडतोय. त्याच्याही ग्रुपचं नाव ‘उबुंटू-व्हीजी’च आहे. पण या वेळी फोन येणार नाही.

आपली,
अंबडची कॉम्प्युटरवाली ताई