अर्धवट राहिलेला कॅम्पर ट्रेलर पुरा करताना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कॅरॅव्हॅन पर्यटनाविषयी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनातून फिरण्याविषयी, आपल्या वृत्तपत्रात आलेला लेख मी येथे, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात बसून वाचला. गाडीच्या मागे जोडायचा लहानसा ट्रेलर हौशी माणसाला घरच्या घरी तयार करता येईल, असे त्यात एका ओळीत म्हटले होते. हे विधान खरे आहे, परंतु अपुरे आहे. आणि ते अपुरे राहिले तर त्यावर विसंबून कुणीतरी आपल्या मुलाबाळांना धोक्यात घालील, अशी भीती वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. गेले चौदा महिने आम्ही पती-पत्नी, दुसऱ्या कुणीतरी सुरू करून अर्ध्यावर सोडलेला असाच एक ट्रेलर पुरा करत होतो.

या प्रकाराला येथे टिअरड्रॉप म्हणतात, कारण बाजूने पाहिले तर तो आडव्या पडलेल्या थेंबासारखा दिसतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत तो लोकप्रिय झाला आणि मासिकांत छापलेल्या आराखड्यांवरून तो घरच्या अंगणात बनवण्याची हौसही तेव्हापासून रुजली. त्याची नेहमीची मापे ४ फूट रुंदी आणि ८ फूट लांबी अशी असतात, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे : प्लायवूडचा ताव ८ बाय ४ फुटांचा मिळतो, आपल्याकडेही तेवढाच मिळतो. आत फक्त झोपण्याची जागा, मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा, आणि उभे राहायचे ते बाहेर, मोकळ्या आकाशाखाली. आमचा ट्रेलर ५ बाय १० फुटांचा आहे. तो आम्ही घेतला तेव्हा लोखंडी सांगाडा, चाके, लाकडी तळ, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि छताचे वासे एवढे तयार होते. मूळ मालक वृद्ध गृहस्थ होते. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून त्यांनी तो निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता, आणि त्या ताडपत्रीखाली त्याने तीन हिवाळे काढले होते.

अर्धे काम झालेली वस्तू हाती आली की उरलेल्या अर्ध्याचीच घाई होते. आम्हीही पहिल्या आठवड्यात गाद्यांचे कापड पाहत होतो. तो बेत बाजूला ठेवावा लागला, कारण एका संध्याकाळी तळाच्या मागच्या कोपऱ्यात सहज स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळपट, ओला भुगा लागला होता आणि त्याला पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा वास येत होता. वरून रंग शाबूत, खालून लाकूड संपलेले! प्लायवूड पृष्ठभागावरून फारसे पाणी पीत नाही. पाणी शिरते ते कापलेल्या कडेतून, जेथे थरांची तोंडे उघडी असतात, आणि नेमक्या त्याच कडा मूळ कारागिराने रंगवायच्या राहून गेल्या होत्या. आम्ही तळाची सव्वा फुटाची पट्टी कापून काढली, नवा तुकडा सांधला, आणि टर्पेंटाइन घालून पातळ केलेल्या पॉलियुरेथेन वार्निशचे हात कडांना देत राहिलो. लाकूड पिते आहे तोवर पाजत राहायचे, एवढाच नियम पाळला.

मग मात्र आम्ही सगळेच उघडून पाहायचे ठरवले. येथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे सांगाड्याच्या एका जोडावर गंजाने पापुद्रे धरले होते. तो जोड खरवडून पुन्हा वेल्डिंग करून घेतला. चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण टायरच्या बगलेवर चार आकड्यांचा एक संकेत असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. आमच्या टायरांवर २३१४ असे होते, म्हणजे ते २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले होते. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारे होतच असते. दोन्ही बदलले.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते सांगते. माझे आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातले. लहानपणी उसाची गाडी भरताना ओझे मागे गेले की आजोबा ‘गाडी उलाळ झाली’ असे ओरडायचे, आणि मोळ्या पुढे सरकवायला लावायचे, कारण मागे भार झाला की जू वर उचलते आणि बैलांच्या मानेला पट्टे ओढू लागतात. गाडीमागच्या ट्रेलरचे शास्त्र याहून वेगळे नाही, फरक आहे तो वेगाचा. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे हिचवर यावा लागतो. तो कमी पडला तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला मागचा ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि ते हेलकावे वाढत गेले तर पुढची गाडीही सोबत फिरते. टिअरड्रॉपचा ओटा मागे असतो. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी आणि शेगडी हे सारे जड सामान स्वाभाविकपणे मागे जाते. आम्हीही तसेच ठेवले होते. भरलेल्या ट्रेलरचे वजन काट्यावर ५४० किलो भरले आणि न्हाणीघरातला वजनकाटा हिचखाली ठेवून पाहिले, तर पुढे अवघे ३१ किलो. आजोबांच्या भाषेत गाडी उलाळ होती. ४० लिटरची पाण्याची टाकी आम्ही पलंगाखाली, चाकांच्या आसाच्या किंचित पुढे आणली, १२ किलोची बॅटरी पुढच्या पेटीत नेली, आणि तोच काटा ६४ किलो दाखवू लागला. दोन दिवसांचे काम होते, एक पैशाचा खर्च नव्हता. आपल्या लेखात गादीच्या जाडीला जेवढी जागा मिळाली, तेवढी या एका गोष्टीला मिळायला हवी होती.

छतावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवल्यावर आम्ही तासभर नळीने पाणी सोडले आणि दहा वर्षांच्या मुलीला विजेरी देऊन आत बसवले. चाळीस मिनिटे काही झाले नाही. मग आतून हाक आली, ‘‘आई, इथे थेंब धरलाय, पण पडत नाहीये.’’ मागच्या झाकणाची बिजागरी जेथे छताला मिळते, तेथे स्क्रूच्या भोकातून ते पाणी येत होते. तेवढी बिजागरी उतरवून खाली ब्यूटाइल रबराची चिकटपट्टी घातली आणि पुन्हा पाणी सोडले. त्या एका थेंबाकडे दुर्लक्ष केले असते, तर तीन वर्षांनी तोच काळा भुगा पुन्हा हाती आला असता. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला असे ट्रेलर फिरायचे असतील, तर ही परीक्षा एक तास नव्हे, रात्रभर घ्यावी.

कुटुंबासाठी म्हणून आणखी दोन गोष्टी. या ट्रेलरमध्ये चौघे झोपतात, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आम्ही पायथ्याशी एक आडवी फळी आरपार बोल्टने बसवली आहे, तीवर सहा वर्षांचा मुलगा मावतो. मुलगी आणि तिचे बाबा शेजारच्या तंबूत झोपतील. आणि बाहेर कितीही थंडी असली, तरी शेगडी आत पेटवायची नाही. एवढ्याशा बंद जागेत तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो; त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. छतात हवेची झडप, भिंतीवर या वायूचा इशारा देणारे यंत्र आणि दोन्ही बाजूंना आतून उघडणारे दार, यांत आम्ही काटकसर केली नाही.

ओहायोत घरी बनवलेल्या ट्रेलरला क्रमांक मिळवताना अधिकृत वजनकाट्याची पावती द्यावी लागते, आणि रिकामे वजन २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, किंवा अधिक असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. सरकारची मागणी जाचक नाही, पण त्या पावतीमुळे माणूस काट्यावर जातोच, आणि एकदा काट्यावर गेला की वजनाचा विचार करू लागतो. आम्ही तसेच करू लागलो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि त्यात मोठ्या वाहनांबरोबर कॅम्पर ट्रेलरचाही समावेश केला, याचा मला मनापासून आनंद झाला होता. परंतु त्या धोरणाचा रोख प्रामुख्याने व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांकडे आहे. स्वतःच्या कुटुंबासाठी एकच ट्रेलर बनवणाऱ्या माणसाचा विचार त्याच आस्थेने व्हावा, अशी माझी विनंती आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर हे मोटार वाहनच आहे, इतकेच नव्हे तर वर साटा न चढवलेली नुसती चॅसी, म्हणजे चाकांवरचा उघडा सांगाडाही त्या व्याख्येत बसते. त्यामुळे ‘गाडीला दोरीने बांधलेली पेटी’ म्हणून त्याकडे पाहता येणार नाही, आणि पाहूही नये. पुण्यात एआरएआयसारखी वाहनचाचणीची जुनी, नामांकित संस्था आहे. तिच्याकडून शासनाने ८ बाय ४ फुटांच्या एका हलक्या ट्रेलरचा आराखडा तपासून घ्यावा, त्याचा लोखंडी सांगाडा, आस, हिच आणि दिवे परवानाधारक कारखान्यातूनच यावेत, आणि वरचे सुतारकाम तेवढे कुटुंबाने किंवा गावच्या सुताराने करावे. काम पुरे झाल्यावर एकदा वजन, एकदा तपासणी. आयटीआयमधील सुतारकाम आणि वेल्डिंगच्या विद्यार्थ्यांना यातून मिळणारे काम वेगळेच. घाटातल्या वळणांवर जोडावरच्या भाराचे महत्त्व येथल्या सपाट रस्त्यांहून कितीतरी अधिक आहे, म्हणून तपासणीची ही अट ढिली करावी असे मी मुळीच म्हणणार नाही.

येत्या शुक्रवारी आम्ही येथून तासाभराच्या अंतरावरील हॉकिंग हिल्सच्या राज्य उद्यानात पहिल्यांदा मुक्कामाला जात आहोत. तेथून परतल्यावर आमच्या ट्रेलरची सर्व मापे, वजनाचे टिपण आणि तळ बदलतानाची छायाचित्रे आपल्या वाचकांसाठी पाठवण्याची माझी तयारी आहे. आपण ती छापणार असाल, तर कुजलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र कृपया गाळू नये.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोलंबस (ओहायो)