भाईजी, तुम्ही गाडी उलटी फिरवलीत म्हणून

प्रिय भाईजी,

जुले, म्हणजे तुमच्याकडचा नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितेय. तुम्ही हिंदी पेपर वाचता, त्यामुळे अक्षरं लागतीलच. अडेल ते तुमची लेक मला फोनवर विचारेल, असं तिचं-माझं ठरलंय. आधी हिंदीत लिहायला बसले होते, पण चार ओळींतच ते अर्जासारखं वाटायला लागलं. शिवाय हे इथल्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं. आमच्याकडून दरवर्षी कितीतरी जण म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन हिमाचलातल्या स्पितीला येतात आणि आम्ही करणार होतो तीच चूक करतात.

ती चूक तुम्ही फोनवरच पकडलीत. आम्हाला आखून मिळालेला कार्यक्रम असा होता: दिल्लीहून मनाली, तिथे एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी कुंझुमची खिंड ओलांडून थेट स्पितीतल्या मुख्य गावी, काझाला. म्हणजे 2,050 मीटरवरून एका दिवसात साडेचार हजारांच्या वर चढायचं आणि पुन्हा साडेतीन हजारांच्या वरच मुक्काम करायचा. निघायच्या दोन दिवस आधी ड्रायव्हर म्हणून तुमचा नंबर मिळाला. गाडी कुठली, किती माणसं, हे मी सांगायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "बाबूजी की उमर कितनी है?" मी म्हटलं, 72. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात. मग म्हणालात, "तो मनाली से मत आइए. शिमला से आइए, धीरे-धीरे."

ज्यांनी सहल आखली होती त्यांनी बदलायला साफ नकार दिला. तेव्हा तुम्ही स्वतःच्या डिझेलवर शिमल्यापर्यंत गाडी आणलीत. त्या जादा दिवसांचे पैसे मी दोनदा पुढे केले आणि दोन्हीदा तुम्ही माझी मूठ मिटवून परत केलेत. ते मी विसरलेले नाही.

मग सराहन. भीमाकालीच्या देवळात शिरताना दाराशी ठेवलेल्या टोप्यांतली एक निवडून तुम्ही बाबांच्या डोक्यावर नीट बसवलीत, त्यांचा चामड्याचा पट्टा काढून स्वतःकडे ठेवलात. दगडाचा एक थर, देवदाराच्या लाकडाचा एक थर, अशा त्या भिंतीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात की भूकंपात असलं घर डोलतं, पडत नाही. बाबांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे कल्पा, तिथून नाको. अंगाला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून रोज थोडं वर, आणि मुक्कामाला पोचल्यावर दोन तास झोपायचं नाही, नुसतं चालायचं, हा तुमचा दंडक. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आता कळतं.

बाबांना यायचं होतं ते ताबोच्या जुन्या बौद्ध मठासाठी. सिल्लोडला 36 वर्षं त्यांनी चित्रकला शिकवली. दरवर्षी पोरांना एसटीने अजिंठ्याला न्यायचे, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तास-दीड तास बसवून ठेवायचे. ताबोला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात हे त्यांनी नोकरीत असताना कधीतरी वाचलं आणि तेव्हापासून ते मनात धरून होते. पण जाताना आम्ही तिथे जेमतेम एक तास थांबलो. घाई माझी होती. पुढे काझाला रात्रीचं बुकिंग होतं. बाबा काही बोलले नाहीत, पण मागच्या सीटवर बसून काझा येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. तुम्ही ते आरशातून पाहिलं होतंत, हे मला नंतर कळलं.

काझात दोन रात्री काढून त्याच्या वरच्या लांग्झा गावी पोचलो तेव्हा बाबा ठणठणीत होते. गावच्या वरच्या बाजूच्या त्या मोठ्या बुद्धमूर्तीपाशी त्यांनी चित्र काढलं. एका मुलाने हातावर दगड ठेवला, आत शंखाची गुंडाळी. बाबांनी तो कपाळाला लावला. आमच्या देवघरातला शाळिग्राम याच जातीचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता तेव्हाचा प्राणी. मी पैसे काढले तर तुम्ही हलकेच म्हणालात, दीदी, बघा आणि परत द्या, हे इथलंच इथे राहू दे. मुलाला तुम्ही तुमच्याकडची बिस्किटं दिलीत.

रात्री आठच्या सुमारास बाबांचं डोकं ठणकायला लागलं. मग उलटी. मी गोळी दिली, म्हटलं सकाळी बघू, एवढ्या अंधारात कुठे जायचं. घरमालकीण लसणाचं सूप करून घेऊन आली. तुम्ही आत आलात, बाबांसमोर उकिडवे बसलात आणि त्यांना म्हणालात, "बाबूजी, ज़रा चलिए." शेगडीपासून दारापर्यंत, टाचेला अंगठा लावत, सरळ रेषेत. बाबा तिसऱ्या पावलाला कलंडले. दारू प्यायलेला माणूस कलंडतो तसे. तुम्ही त्यांना धरलंत आणि माझ्याकडे न बघताच म्हणालात, "अभी नीचे."

मी वाद घातला, भाईजी. त्याबद्दल आज माफी मागते. थंडी, रस्ता, दरी, सगळी कारणं सांगितली. तुम्ही एकाही कारणाला उत्तर दिलं नाहीत. बाबांना पाठुंगळीला घेतलंत आणि जिना उतरलात.

पंधरा-सोळा किलोमीटरचाच तो रस्ता. हेडलाइटच्या पिवळ्या पट्ट्यात फक्त खडी आणि वळणं. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि ते माझ्या आईला हाका मारत होते. ती जाऊन सहा वर्षं झाली. एका ठिकाणी चोर्तेनपाशी, म्हणजे बौद्ध स्तूपापाशी, रस्ता दोन्ही बाजूंनी जातो. दहा दिवसांत तुम्ही एकदाही चोर्तेन डाव्या हाताला पडू दिला नव्हता. खड्ड्यांचा असो, लांबचा असो, उजव्या हाताला ठेवूनच जायचं. त्या रात्री ती बाजू ढासळली होती. तुम्ही गाडी दुसऱ्या बाजूने घातलीत, स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावलात, काहीतरी पुटपुटलात.

काझाच्या दवाखान्यात रात्रभर ऑक्सिजन चालू होता. पहाटे डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज यायला सुरुवात झाली होती, अशा वेळी खाली उतरवणं हेच खरं औषध. सकाळची वाट पाहिली असती तर सांगता आलं नसतं. मी व्हरांड्यात आले तर तुम्ही गाडीची मागची सीट धूत होतात. पाणी बर्फासारखं, बोटं लाल झालेली. मला बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "चाय पी?"

दोन दिवसांनी सामान आणायला आपण दोघं लांग्झाला गेलो, तेव्हा त्या चोर्तेनपाशी तुम्ही गाडी थांबवलीत. उतरून, तो उजव्या हाताला ठेवून, तीन फेऱ्या घातल्यात. मी गाडीत बसून बघत होते. मला वाटतं, आमच्यासाठी तुम्ही काय मोडलं होतं ते मला तेव्हा कळलं.

पुढचा सगळा कार्यक्रम तुम्ही रद्द करवलात. कोमिक नाही, हिक्कीम नाही, कुंझुम नाही. "ताबो नीचे है," म्हणालात, "और बाबूजी का मन भी वहीं है." 3,280 मीटर. तिथे आपण चार दिवस राहिलो.

त्या चार दिवसांबद्दल बाबा अजून रोज बोलतात. बाहेरून ते मंदिर म्हणजे मातीचे बुटके ढिगारे. आत मात्र अंधारात, भिंतीवर उंच, एकेका कमळावर बसलेल्या 32 मातीच्या मूर्ती, आणि मध्ये पाठीला पाठ लावून चार दिशांना बसलेल्या वैरोचन बुद्धाच्या चार मूर्ती. उजेड वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच. सन 996 मध्ये पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने हे उभारलं आणि 1042 मध्ये त्याच्या पुतणनातवाने डागडुजी केली, हे तिथल्या लामांनी सांगितलं. 1975 चा भूकंपही या मातीच्या भिंतींनी सोसला. बाबा पहिल्या दिवशी फक्त बसले. डोळे अंधाराला सरावू दिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अजिंठ्यात चित्रं राहिली, पण दिवा लावणारी माणसं गेली. 1819 मध्ये कुणीतरी शिकारीला आला तेव्हा जगाला आठवण झाली. इथे हजार वर्षं रोज कुणीतरी सकाळी दार उघडतंय."

दक्षिणेच्या भिंतीवर सुधनाची कथा रंगवलेली आहे. बाबांनी ती मला टॉर्चच्या उजेडात दाखवली. सुधन हा व्यापाऱ्याचा मुलगा, ज्ञान शोधायला निघतो आणि एका कल्याणमित्राकडून दुसऱ्याकडे जात राहतो. त्यांत भिक्षू आहेत, राजे आहेत, लहान मुलं आहेत, अत्तर विकणारा आहे, एक नावाडीही आहे. प्रत्येक जण आपल्याला येतं तेवढं शिकवतो आणि पुढच्याचा पत्ता देतो. 'कल्याणमित्र' हा शब्द आमच्याकडे इगतपुरीच्या विपश्यना शिबिराला गेलेल्यांच्या तोंडी असतो. मी तो नुसता ऐकला होता. बाबांनी टॉर्च विझवली आणि म्हणाले, "तो नावाडी बाहेर सफरचंद सोलत बसलाय." तुम्ही खरंच अंगणाबाहेर उन्हात बसून त्यांच्यासाठी सफरचंद सोलत होतात.

शेवटच्या दिवशी तुम्ही आम्हाला तुमच्या घरी नेलंत. आबींनी, तुमच्या आजींनी, लाकडी नळीत घुसळलेला खारा चहा दिला, बाबांच्या खिशात भाजलेले काळे मटार कोंबले. मी सोबत आणलेल्या बेसनाचं पिठलं केलं आणि तुमच्या घरच्यांनी ते जवाच्या रोटीबरोबर पातेलं पुसून खाल्लं. तुमच्या बायकोने कृती विचारली होती. या पत्रासोबत पार्सल पाठवतेय: दोन किलो बेसन, आमच्याकडचं तिखट, कृती हिंदीत लिहून, आणि तुमच्या लेकीसाठी जलरंग. रंग बाबांनी निवडलेत. ब्रश धुतल्याशिवाय ठेवायचा नाही, एवढं तिला सांगायला सांगितलंय.

बाबा बरे आहेत. सकाळी चालायला जातात. लांग्झाच्या रात्रीतलं त्यांना काहीच आठवत नाही, टाचेला अंगठा लावून चाललेलंसुद्धा नाही. मी सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प होते.

आणि ते कार्ड पोचलं, भाईजी. हिक्कीमच्या पोस्टातून कार्ड टाकायचं हा बाबांचा हट्ट होता. 4,400 मीटरवरचं, 1983 पासून चालू असलेलं ते छोटंसं पोस्ट. आम्हाला जाता आलं नाही म्हणून त्यांनी ताबोत लिहिलेलं कार्ड तुमच्याकडे दिलं होतं, आणि तुम्ही एवढ्या कामातून वर जाऊन ते टाकलंत. पत्ता सिल्लोडचा होता, शाळेतल्या त्यांच्या जुन्या सहकारी सरांचा. दोघांनी मिळून ताबोला जायचं ठरवलं होतं. सरांचे गुडघे आता चालत नाहीत. काल त्यांचा फोन आला. कार्डावर मूर्तींचं चित्र असेल असं त्यांना वाटलं होतं, तर निघाले दोन हात, एकात चाकू, एकात अर्धं सोललेलं सफरचंद. "हे कुणाचे?" त्यांनी विचारलं.

बाबा फोन घेऊन गॅलरीत गेले. जेवण दोनदा गरम करावं लागलं.

तुमची,
बाबूजींची लेक