आई-बाबा, फोनवर बोलता आलं नाही म्हणून लिहितेय

आई, बाबा,

हे निवांत बसून वाचा. बाबा, चष्मा लावा, टॅबवर अक्षर मोठं करा आणि आईला वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नका. काळजीचं काही नाही, चिनू बरी आहे, आम्ही सगळे बरे आहोत, हे आधीच सांगून टाकते नाहीतर आईच्या छातीत उगाच धडधडायला लागेल.

मी शाळा सोडली.

राजीनामा जुलैमध्येच दिला होता. कायम शिक्षकाला ३ महिन्यांची नोटीस द्यावी लागते ती दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर संपली आणि ३ नोव्हेंबरपासून मी विक्रोळीला एका कंपनीत जायला लागलेय. म्हणजे दिवाळीत गावाला आले तेव्हा माझी शाळा संपलेली होती. पाडव्याला बाबांनी विचारलं, दुसरं सत्र कधी सुरू होतंय गं, आणि मी करंज्यांचा डबा घेऊन सरळ आत निघून गेले. आई मागे आली, डोळ्यांत पाणी का म्हणून विचारलं तर मी म्हटलं चुलीचा धूर गेला. आई, चूल तेव्हा पेटलेलीच नव्हती आणि तुला ते दिसत होतं, तरी तू काही बोलली नाहीस. त्या दिवसापासून मला नीट झोप लागलेली नाही. तुमच्याशी खोटं बोलल्याचं जितकं लागलंय तितकं शाळा सोडल्याचंही लागलेलं नाही, खरंच.

दुसरी लपवलेली गोष्ट माझ्या घशाची. जानेवारी-फेब्रुवारीत मी फोनवर सर्दी सर्दी म्हणत होते ना, ती सर्दी नव्हती. चौथ्या तासानंतर आवाजच फुटायचा नाही. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, स्वरतंतूंवर बारीक गाठी होत्या. आई थांब, साध्या गाठी आहेत, वाईट काही नाही, वर्षानुवर्षं मोठ्याने बोलणाऱ्यांना होतात, शिक्षकांना आणि गाणाऱ्यांना तर हमखास. ऑपरेशन लागलं नाही. काही महिने आवाजाचे व्यायाम केले, पाणी सारखं प्यायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही कारण त्याने पण ताण येतो. आता खूपच बरं आहे. पण डॉक्टर म्हणाल्या की रोज ६ तास, रस्त्याला लागून असलेल्या वर्गात, डोक्यावर पंखे घरघरत असताना असंच बोलत राहिलात तर हे परत येणार. तेव्हा मला बाबांच्या खिशातली ज्येष्ठमधाची कांडी आठवली. परळच्या खोलीत मार्च महिना आला की शाळेत शिकवून शिकवून बाबांचा आवाज बसायचा आणि आई रात्री हळदीचं पाणी गरम करून द्यायची, बाबा गुळण्या करायचे आणि मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून मोजायचे. पण बाबा, हे माझं तुमच्यामुळे झालं असलं काही डोक्यात घेऊ नका हं. तुमच्याकडून मी दुसरंच घेतलंय, ते पुढे सांगते.

तरी फक्त घशामुळे सोडली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. मी लागले तेव्हा माझ्या वर्गाचा पट ५२ होता, यंदा १७. दरवर्षी संचमान्यता, म्हणजे मुलांच्या पटावरून किती शिक्षक ठेवायचे ते ठरवणारा सरकारी कागद, आली की कोण अतिरिक्त ठरणार म्हणून अख्खी स्टाफरूम एकमेकांकडे बघत बसायची, मैत्रिणी मैत्रिणी राहायच्या नाहीत त्या महिन्यात. मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, तीच माहिती परत कागदावर देणं, आणि मग उरलेल्या वेळात शिकवायचं. मुलांचा मला कधीच कंटाळा आला नाही, हे तुम्हाला तरी माहितीये. शेवटच्या दिवशी आठवीतला एक मुलगा विचारत होता, बाई तुम्ही लांब जाणार का, आणि मला उत्तरच देता येईना. स्टेशनवर अजून कोणी मागून ‘बाई!’ म्हणालं की मी वळून बघते.

बाबा, तुम्ही पेपरात १ सप्टेंबरचा सुप्रीम कोर्टाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा, निकाल वाचलात आणि तुम्हाला वाटेल की जुन्या शिक्षकांनाही परीक्षा लावली म्हणून पोरगी घाबरली. तसं नाहीये, तारखा बघा, माझा राजीनामा त्याच्या आधीचा आहे. परीक्षा मी दिली असती आणि पासही झाले असते.

आता पेन्शन. तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. बाबा, तुमची पेन्शन आणि माझी कधी एक नव्हतीच. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि मी २००८ची. पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक म्हणून ४,००० रुपये मानधन, तेव्हा तुम्ही गुपचूप पासचे पैसे द्यायचात ते मी विसरले नाहीये. कायम झाल्यावर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याचे १० टक्के कापले जायचे, मार्च २०२३च्या संपाला मी जुन्या पेन्शनसाठीच तर बसले होते आणि तुम्ही फोनवर विचारत होतात, पगार कापतील का. तर ते एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत कापलेले, पैसे बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी खात्याचा नंबर तोच राहतो. इथे वेगळा पीएफ आहे, माझे १२ टक्के आणि कंपनीचे १२. हातात येणारा पगार सध्या शाळेएवढाच, थोडा कमीच म्हणा. पण मेडिक्लेममध्ये तुम्हा दोघांचं नाव घालता येतं, ते मी पहिल्याच दिवशी घातलं. चिनूच्या बाबांशी बसून सगळा हिशोब ३ वेळा केलाय, घराचा हप्ता व्यवस्थित जातो.

आणि काम काय करतेस, हे आई विचारेल. नाव मोठं आहे, इन्स्ट्रक्शनल डिझायनर, पण काम पाठ टाचणाचंच आहे गं. हॉस्पिटलमधल्या, कारखान्यातल्या कामगारांना जे शिकवायचं असतं त्याचे मोबाइलवर बघता येतील असे छोटे छोटे पाठ तयार करायचे, कुठे चित्र, कुठे आवाज, कुठे प्रश्न. उद्दिष्ट काय, पूर्वज्ञान काय, मूल्यमापन कसं, सगळं तेच. बीएडला ब्लूमचं १९५६चं शिकवण्याच्या उद्दिष्टांचं वर्गीकरण पाठ केलं होतं ना, इथे त्याचं नाव रोज निघतं. कॉम्प्युटरचं मी वर्षभर रात्री चिनू झोपल्यावर शिकत होते. आधी ४ ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी तर म्हणाले, १७ वर्षं शाळेतच ना, मग कंपनीचा अनुभव काहीच नाही. ते फार लागलं. मग मे महिन्यात या लोकांनी मुलाखतीआधी एक पाठ करून आणायला सांगितला, हात कसे धुवायचे, १० मिनिटांचा, आणि तो बघून त्यांनी मला घेतलं, नोटीस संपेपर्यंत थांबलेसुद्धा.

आता जे चाललंय ते ऐका. हॉस्पिटलमधला कचरा चार रंगांत वेगळा करायचा असतो, २०१६चे नियम आहेत. रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात जो टोचून फुटणार नाही, काच निळ्यात. वॉर्डातल्या मावश्यांना हे इंग्रजी तक्त्यावरून सांगतात. मी म्हटलं मला आधी वॉर्डात बसू द्या. दोन दिवस बसले. एक मावशी म्हणाली, “ताई, रंग मला पाठ आहेत, पण सुई नळीलाच लागलेली असली तर मी काय करू ते कोण सांगत नाही.” सुई आधी वेगळी होऊन पांढऱ्या डब्यात जायला पाहिजे आणि मग नळी लालमध्ये, आणि ते काम सुई टोचणाऱ्यानेच तिथल्या तिथे करायचं, मावशीच्या हातात ती यायलाच नको. माझा पाठ मी तिथूनच सुरू केला. बाबा, हेच ते तुमचं, पोरगं कुठे अडलंय ते आधी बघ, मग खडू उचल. कालनिर्णयच्या पाठकोऱ्या पानांवर तुम्ही तक्ते काढायचात आणि रंग भरायला मला बसवायचात, हातचा घेणं मला तिथेच कळलं होतं. आणि अँजिओप्लास्टीनंतर बाबांना रात्री ज्या मावशींनी उठवून बसवलं होतं त्यांचं बोट कापडाने बांधलेलं होतं, आठवतं का आई? मला आता सारखं आठवतं.

माझ्या जेवणाखाण्याची चिंता करू नका. पूर्वी पावणेसहाला घर सोडायचे, आता साडेनऊला. भांडुपवरून विक्रोळी म्हणजे मध्ये फक्त कांजूर, बसायला मिळालं नाही तरी चालतं. डबा घरचा, गरम करायला सोय आहे, चहा दुपारी ४ला मिळतो. एसी फार गार असतो म्हणून तुझी चॉकलेटी शाल खुर्चीवरच ठेवलीये. शुक्रवारी घरून काम असतं, चिनू शाळेतून येते तेव्हा मी दारात असते. फक्त मे महिन्याची सुट्टी आता नाही, आंबे उतरवायला महिनाभर यायचे ते जमणार नाही. हे लिहिताना जड जातंय. ८-१० दिवस येईन, नक्की येईन, आणि पावसाळ्यात तुम्हीच इकडे यायचं. हॉलमधल्या दिवाणावर बाबांसाठी कडक गादी करून घेतलीये, नाही म्हणायचं नाही.

आता नीट ऐका. बाबा, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही. हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचाय, दादा शनिवारी येईल त्याच्याबरोबर जा, एकट्याने एसटीने जायचं नाही. आई, लोणचं बाबांच्या ताटात वाढू नकोस, ते मागितल्याशिवाय राहणार नाहीत तरी वाढू नकोस. माळ्यावर चढायचं नाही. विहिरीकडच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आधी खरवडून घ्या, पैसे मी पाठवलेत. बीपीचा आकडा रोज फोटो काढून पाठवा, अंदाजे सांगू नका.

वाडीत कोणी विचारलं तर सांगा शाळा सोडली, लपवू नका. बाबा, तुम्हाला हे सांगायला कसं वाटेल ते मला कळतं. तुम्ही माझ्या पहिल्या नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स अजून कपाटात ठेवलीये, ती राहू द्या तिथेच.

सोबत कचऱ्याच्या पाठाची ६ पानं पाठवतेय. मराठी जड झालंय का बघा, ज्या शब्दाला आई अडेल तिथे लाल पेनने खूण करा आणि फोटो पाठवा. आज फोन करू नका, मला ऑफिसात बोलता येणार नाही आणि रडायला आलं तर घसा परत बसेल. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी मीच करते.

तुमची,
छोटी